पहिल्या चिठ्ठीचा मॅनेजर

माझ्या नवऱ्याला सोडून मी पुष्करला उचललं, हे आधीच सांगून टाकते, कारण तोक्योतल्या आमच्या हिगाशी-कसाईत हा विषय अजून ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. उचललं म्हणजे फुटबॉलच्या टीममध्ये हो! लगेच भुवया वर नकोत.

आमच्याकडे मराठी मंडळींची रविवारची लीग आहे. नदीकाठच्या मैदानावर चार टीम खेळतात. कोण कोणाच्या टीममध्ये जाणार हे ठरवायला ड्राफ्ट होतो: कॅप्टन चिठ्ठ्या काढतात, ज्याचा नंबर पहिला त्याने पहिला खेळाडू निवडायचा. नियम केलेत पलीकडच्या फुनाबोरीच्या उल्हासदादांनी, तेही एका टीमचे कॅप्टन. त्यांनी आयुष्यभर ऑफिसात नियमच केलेत, त्यामुळे आमच्या लीगला इतके नियम आहेत की फुटबॉलला वेळ कमी पडतो. त्यातला एक नियम माझ्या मानेवर बसला होता. जी टीम शेवटची येईल, तिच्या खेळाडूंनी हात वर करून ठरवायचं, कॅप्टन ठेवायचा की बदलायचा.

तुम्ही म्हणाल, बदलला तर बदलला, एवढं काय! अहो, पुण्यात माझी नोकरी होती, टेबल होतं, टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. इथे मी आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून. शेजारीण मला ‘ओकुसान’ म्हणते, म्हणजे कुणाची तरी बायको. लेकीच्या शाळेत मी ‘कश्मिराची मामा’. जपानीत मामा म्हणजे आई, ठाऊक आहे मला, पण बाईमाणूस असून मामा झाले की नाही मी! अख्ख्या तोक्योत मला माझ्यामुळे कुणी काही म्हणत असेल, तर ते रविवारी मैदानावर. कॅप्टन. गुडघ्यामुळे मला खेळता येत नाही, पण ओरडता येतं, आणि ते मी जीव तोडून करते. ती कॅप्टनकी मला कुणालाही द्यायची नव्हती.

तर ड्राफ्टच्या दिवशी पहिली चिठ्ठी माझी निघाली. समोर प्रथमेश, माझा नवरा, सगळ्यात चांगला स्ट्रायकर, शर्टाची कॉलर ताठ करून तयारच उभा. त्याला वाटलं, घरचंच काम आहे. तेवढ्यात त्सुकुबा गावाहून आलेला एक नवा मुलगा स्वतःची ओळख करून देऊ लागला. सडपातळ, चष्मेवाला, कसल्याशा शेवाळावर संशोधन करणारा. म्हणाला, “मी पुष्कर. पीएचडी करताना इथल्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल क्लबात मॅनेजर होतो.”

मॅनेजर! आम्ही सगळी आयटीतली माणसं. मॅनेजर हा शब्द कानावर पडला की आमची पाठ आपोआप सरळ होते. जपानी युनिव्हर्सिटीच्या टीमचा मॅनेजर, म्हणजे डावपेच, फळ्यावरचे बाण, सगळं आलं! उल्हासदादांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. मी विचारच केला नाही. “पुष्कर!” म्हणून किंचाळले. प्रथमेशला उल्हासदादांनी उचललं, आणि तो घरी आल्यावर आठवडाभर माझ्याशी फक्त भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलत होता.

आणि हा पुष्कर! काय सांगू! चेंडू अंगावर आला की बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा. समोरच्याकडून चेंडू काढून घ्यायचाच झाला तर आधी “सुमिमासेन” म्हणायचा. माफ करा! आता समोरच्याची माफी मागून होईपर्यंत तो माणूस गोल मारून परत यायचा. पण मी ठाम. दर रविवारी सगळ्यांच्या आधी हाच हजर, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, टीमचे बिब, म्हणजे शर्टावर चढवायच्या रंगीत बंड्या, धुऊन, घड्या घालून आणलेले. मी सगळ्यांना सांगत सुटले, “बघा! एवढा मोठा मॅनेजर, पण पाय जमिनीवर. शिका काहीतरी.”

एका रविवारी कश्मिरा माझ्याबरोबर होती. दहा वर्षांची, सगळं आयुष्य इथेच गेलेलं. ती फिस्सकन हसली. “चिगाउ यो, आई! चूक आहे. शाळेच्या क्लबात मॅनेजर म्हणजे बॉस नाही. तो खेळतच नाही. तो मिझु देतो.”

“काय देतो?”

“मिझु! पाणी! आणि बिब धुतो. आमच्या शाळेत पण आहे एक.”

मी पुष्करकडे पाहिलं. तो मान डोलावून म्हणाला, “हो ताई, तेच करायचो. टीम फार छान होती.” म्हणजे तो खोटं बोललाच नव्हता! इतकी वर्षं जपानात राहून चुकीच्या भाषेत ऐकलं ते आम्हीच. नचिकेत आमचा डिफेंडर, तो हसता हसता गवतावर लोळला. मी मात्र आतून पेटले होते. पहिली चिठ्ठी, अख्ख्या लीगमधून कुणीही घे म्हणणारी चिठ्ठी, मी पाणी देणाऱ्यावर उडवली होती!

तोवर आम्ही तळाला पोचलो होतो. शेवटची मॅच उल्हासदादांच्या टीमशी, म्हणजे प्रथमेशच्या टीमशी. बरोबरी झाली तरी आम्ही तळातून सुटणार होतो. मॅचआधी एक खेळाडू अदलाबदल करायची मुभा होती. उल्हासदादा स्वतः चालत माझ्याकडे आले.

“अनघा, धीरजला घे. मला पुष्कर दे.”

धीरज! दोन्ही पायांनी खेळणारा धीरज! मला संशय आला. “दादा, तुम्हाला पुष्कर कशाला?”

ते जरा घुटमळले, मग हळूच म्हणाले, “आमच्या बिबना फार वास येतो गं.”

टीमचं एकमत होतं. देऊन टाका. आमची स्ट्रायकर राधिका म्हणाली, “ताई, ड्राफ्टमध्ये चुकलं तर चुकलं. किती दिवस त्याच्या मागे लागणार? माणूस सुधारत नाहीये.” खरंच होतं ते. मीही मनातून दिलाच होता त्याला. सांगायला गेले तर हा बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता, गाठीवर गाठ मारून.

“पुष्कर, ऐक. उल्हासदादा तुला मागतायत.”

“मला?” त्याने वर पाहिलं. “ताई, मला कळतं, मला खेळता येत नाही. तुम्ही म्हणाल तर जातो. एक सांगू? शाळेपासून टीम पाडताना मी शेवटी उरायचो. म्हणायचे, याला तुम्ही घ्या, नको, तुम्हीच घ्या. त्या दिवशी तुम्ही माझं नाव सगळ्यात आधी घेतलंत ना, मी परतीच्या ट्रेनमध्ये आईला फोन केला. ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत इथे. तरी केला.”

मला स्वतःचाच राग आला. कुणी आपलं नाव घ्यावं म्हणून मी इथे दर रविवारी घसा फोडते, आणि याचं घेतलेलं नाव परत घ्यायला निघाले होते! “बांध नाड्या,” मी खेकसले, “आणि गोलमध्ये उभा राहा. तिथे कुणाची माफी मागावी लागत नाही.” उल्हासदादांना सांगितलं, “बिब उन्हात घाला. पुष्कर मिळणार नाही.” राधिकाने कपाळावर हात मारला.

मॅच मात्र झकास झाली! नचिकेत सगळ्यांना आडवा जात होता, राधिकाने एक गोल केला, त्यांनी एक केला. पुष्करच्या अंगावर दोनदा चेंडू आदळला, त्याला मी अडवणं म्हणते. आणि अगदी शेवटाला नचिकेतने कुणाला तरी पाडलं. रेफरी इशिदासान, आमच्या इमारतीतले निवृत्त गृहस्थ, त्यांनी कमरेत वाकून शिट्टी वाजवली. पेनल्टी. मारणार कोण? आमचे हे.

प्रथमेशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पळत येऊन चेंडू मारला, आणि तो गोलच्या इतक्या बाजूने गेला की नदीत पडायचा राहिला. माझी टीम नाचायला लागली. बरोबरी! वाचलो!

पण अहो, मी त्या माणसाबरोबर संसार करते. तो सोफ्यावरून मोजा फेकतो तो बरोबर टोपलीत पडतो. हा चुकला नव्हता, ह्याने चुकवलं होतं. माझ्यासाठी! म्हणजे व्हिसा ह्याचा, घर ह्याच्या नावावर, आणि आता माझी कॅप्टनकीही ह्याच्याच कृपेची! अशी तिडीक गेली डोक्यात! दुखऱ्या गुडघ्यानिशी मी मैदानात धावले.

“इशिदासान! आमचा गोलकीपर आधीच हलला होता! पेनल्टी परत घ्या!”

“ताई!” राधिका ओरडली. “आपलीच टीम आहे ही!”

इशिदासानना काही कळेना. त्यांनी पुष्करला विचारलं. पुष्कर प्रामाणिकपणे म्हणाला, “हो, हललो होतो. सुमिमासेन.” झालं, पेनल्टी परत!

मी प्रथमेशच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले. “मारायची तर नीट मार. नाहीतर आज घरी येऊ नकोस.”

तो लाल झाला, मग हसला, आणि असा सणसणीत मारला की पुष्करने डावीकडे उडी घेतली तोवर चेंडू उजवीकडून जाळीत. हरलो. आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी टाळ्या वाजवल्या! “याला म्हणतात गोल!” असं मीच ओरडले, माझीच टीम माझ्याकडे बघत राहिली.

मग उल्हासदादांनी घसा साफ केला. नियम म्हणजे नियम. आम्ही सगळे गवतावर गोल करून बसलो. कॅप्टनकी स्वतःच्या हाताने घालवली होती मी. मला वाटलं, राधिकाचा हात सगळ्यात आधी वर जाणार, आणि जावाच.

“कॅप्टन बदलायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” उल्हासदादा म्हणाले.

राधिकाने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि माझ्याकडे रागाने बघत राहिली. नचिकेत गवत उपटत होता. कुणाचाच हात हलेना. आणि पुष्कर! नदीकाठचा एक गलेलठ्ठ डास त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला होता, खुशाल रक्त पीत होता. पुष्करचे डोळे तिरळे झाले, नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. पण त्याने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. हात जरा वर गेला आणि कुणी मोजला तर!

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. सगळ्यांसमोर, डोळे पुसायचीही शुद्ध राहिली नाही.

“अरे, झालं मतदान!” मी ओरडले. “मार तो डास!”