जे हलत नाही त्याला गेरू

विश्वंभर टाकसाळे यांना नगरपरिषदेने सन्मानाने घरी पोचवलं, दारात नळ जोडून दिला, आणि नळाला पाणीही आलं. गोष्ट इथे संपते. पण असं काही झालेलंच नाही, असं बोरनेर नगरपरिषदेचं म्हणणं आहे, आणि कार्यालयाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय? तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि मंगळवारपासून सुरुवात करू. मंगळवारी सकाळी आप्पांना गेरू लागला आणि त्यांचे पाय जमिनीतून निघेनात.

आप्पा म्हणजे हेच विश्वंभर टाकसाळे, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. नगरपरिषदेच्या दारात नळजोडणीच्या रांगेत उभे होते. आता, चालत्या गाडीत कशालाही न धरता तिकिटं फाडण्यात ज्याची उमर गेली, तो माणूस थांबलेल्या जमिनीवर किती स्थिर उभा राहत असेल, याचा तुम्हाआम्हाला अंदाज येणार नाही. इलाही पेंटरलाही आला नाही. गटार ओलांडताना आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, ती तशीच होती. इलाहीने आधी कुंपणाजवळचा लिंब रंगवला, मग दुसरा लिंब, मग विजेचा खांब, मग आप्पा. खाली गेरू, मध्ये चुन्याचा पट्टा, वर पुन्हा गेरूची रेघ. रेघ मोठी सुबक आली होती.

दुपारी त्यांची मुलगी कांचन डबा घेऊन आली. ती घरीच साड्यांना पिको-फॉल करायची, आणि घरात बापलेक दोघंच.

"आप्पा, हे काय लावून घेतलं?"

"मी नाही लावून घेतलं. लागलं."

"बरं, चला घरी. धुऊन टाकू."

"आलो असतो. पाय येईनात."

कांचनने खाली बघितलं. "आणि चपला?"

"आत गेल्या," आप्पा म्हणाले. "नव्या होत्या."

तिने काखेत हात घालून ओढलं. आप्पा कमरेपर्यंत हलले, खाली मात्र काही नाही. टाचांभोवतीची माती जराशी उचलली गेली आणि पुन्हा बसली. पुढच्या खांबाला चुना मारत असलेला इलाही कुंचा घेऊन धावत आला.

"ताई, माझ्यावर चिडू नका. ऑर्डरच तशी आहे. गुरुवारी मिशन येणार, तर रस्त्याकडंचं जे हलत नाही त्याला गेरू-चुना. मी यांना दोनदा म्हणलो, सरका."

"म्हणला होता," आप्पांनी कबूल केलं. "मी जन्मभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणत आलो. मला वाटलं, मागच्याला म्हणतोय."

इलाहीला फार वाईट वाटलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो म्हणाला, "एक आहे, वाळवी नाही लागणार."

मिशन म्हणजे काय, हे बोरनेरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. परदेशातल्या एका विकास बँकेने गावाला कर्ज दिलं होतं. घरोघर पाणी आणायचं आणि नगरपरिषदेचा कारभार सुधारायचा, अशी दोन कामं. पहिल्या हप्त्यात कारभार सुधारला, म्हणजे खिडक्यांना काचा लागल्या आणि नंबर देणारं यंत्र आलं. पाइप दुसऱ्या हप्त्यात यायचे होते. दुसरा हप्ता केव्हा, तर बँकेची माणसं, म्हणजे मिशन, स्वतः येऊन नळजोडणीची रांग कमी झालेली बघतील तेव्हा. आणि रांग कमी केव्हा होणार, तर पाइप आल्यावर. ही गोम सगळ्यांना कळत होती, म्हणूनच तिच्यावर कुणी बोलत नव्हतं.

कांचन तडक मुख्याधिकारी तिडके साहेबांकडे गेली. तिडके वयाने तरुण, बोलायला गोड. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग खिडकीतून आप्पांकडे बराच वेळ बघितलं.

"रांग कालपेक्षा एकाने कमी दिसतेय," ते म्हणाले.

"साहेब, ते माझे वडील आहेत."

"आणि झाड एक जास्त." तिडके साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "कांचनताई, तुम्हाला कल्पना आहे का, तुमच्या वडिलांनी एका सकाळीत दोन निकष सुधारलेत? प्रतीक्षा घटली आणि हिरवाई वाढली. आमचा सगळा विभाग वर्षभर हेच करायला बघत होता."

"त्यांना घरी न्यायचंय."

"न्या की. चुना पाण्याने निघतो. पण गुरुवारच्या आत न्या. मिशनने एकदा पाहिलं की ती वस्तू कर्जाला तारण होते. कर्ज फिटेस्तोवर जागची हलवता येत नाही."

"कर्ज कधी फिटणार?"

"तीस वर्षांनी."

"तीस वर्षांनी आप्पा किती म्हातारे होतील, साहेब!"

"माणसाच्या मानाने," तिडके साहेब म्हणाले. "झाडाच्या मानाने तरुणच."

ती बाहेर पडत होती तेव्हा शिपाई पायरीवर येऊन ओरडत होता, "हलू नका कुणी! साहेब नावं पुकारणारेत! जो हलेल त्याचा नंबर गेला!" रांगेतली माणसं ताठ झाली. कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटच्या टोकाला इलाही खाली बसला, बादलीत कुंचा बुडवला, आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता कामाला लागला.

संध्याकाळपर्यंत बोरनेरमधली नळजोडणीची रांग संपली. तिच्या जागी एका ओळीत, सारख्या अंतरावर, गुडघ्यापर्यंत रंगवलेली झाडी उभी होती. ती आपसांत हळूहळू बोलत होती.

पाण्याने निघतो, हे खरं होतं. पण बोरनेरला पाणी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी. मिशन गुरुवारी. कांचनने बुधवारी सकाळी नगरपरिषदेचा टँकर गाठला. डिझेलचं बिल मंजूर व्हायची वाट बघत तो आठवडाभर एकाच जागी उभा होता, आणि अर्थातच चारही चाकांना गेरू-चुना लागला होता. तिने मागची तोटी उघडली. आतून डिंक आला.

मग ती कळशी घेऊन दारोदार हिंडली. पण गावात असं घर राहिलं नव्हतं ज्याचं कुणी त्या ओळीत नाही. जो तो आपापलं पाणी आपापल्या माणसासाठी झाकून बसला होता. बुधवार पूर्ण गेला तरी कळशीचा तळसुद्धा झाकला नव्हता. शेवटी शेजारच्या द्वारकाबाईने, जिचा कुणीच रांगेत नव्हता कारण तिला कुणीच नव्हतं, आपला माठ कळशीत उपडा केला.

"काकू, तुम्ही काय प्याल?"

"मला कशाला पाणी लागतंय? मी दिवसभर हिंडत असते. तू जा आता, नाहीतर बापाला पालवी फुटंल."

गुरुवारी उजाडताच कांचन आप्पांच्या पायाशी बसली. बरोबर नारळाचा काथ्या आणला होता. उजव्या पायावर थोडं थोडं पाणी घालून तिने घासायला सुरुवात केली. आधी गेरूची रेघ गेली, मग चुना पातळ होत होत आप्पांच्या पोटरीवरची ती जुनी काळी शीर दिसायला लागली. आप्पांचे डोळे मिटले होते.

"दुखतंय का?"

"नाही. उलट बरं वाटतंय. मघाशी एक साळुंकी येऊन डोक्यावर बसली होती. वजन काही नसतं गं त्यांना."

"आप्पा, असं बोलू नका."

"बरं."

पाऊल सुटलं तेव्हा बी फुटल्यासारखा बारीक आवाज झाला. तळव्याला पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं लोंबत होती. कांचनने ती नखाने खुडली आणि पाय चटकन मांडीवर घेतला, कारण जमिनीला लागला असता तर तो पुन्हा गेला असता. कळशीत डाव्या पायापुरतं पाणी उरलं होतं. बरोबर तेवढंच. एवढ्यात पुढून आवाज आला.

"पोरी, घोटभर मिळंल का?"

आप्पांच्या पुढे रांगेत असलेल्या हिराबाई पांचाळ. त्यांचे ओठ सालासारखे उलले होते आणि मान आता वळत नव्हती, म्हणून त्या समोर बघूनच मागत होत्या.

कांचनने कळशी पोटाशी धरली. "एवढा पाय झाला की देते, मावशी. खरंच देते."

"कांचे," आप्पा म्हणाले, "आधी त्यांना."

"मग तुमच्या पायाला उरत नाही, आप्पा!"

"नंबर त्यांचा आहे. मी त्यांच्या मागं उभा आहे."

"मिशन येईल आता! तुम्हाला कळतंय का, तीस वर्षं इथं उभं राहाल!"

"कळतंय. म्हणून काय मध्ये घुसायचं?"

कांचनला रडू आलं आणि रागही आला. रागातच तिने कळशी हिराबाईंच्या तोंडाला लावली. हिराबाईंनी ती पूर्ण रिकामी केली आणि त्यांच्या कानामागे एक कोवळं पान उघडलं.

पांढऱ्या गाड्या आल्या तेव्हा कांचन उभी होती. आप्पा डाव्या पायावर, आणि त्यांचा उजवा पाय तिच्या दोन्ही हातांत, कमरेच्या उंचीवर धरलेला. गाडीतून मोठ्या टोपीची एक गोरी मॅडम उतरली. तिच्यासोबत मानेला पट्टा बांधलेला दुभाषा होता, आणि दोघांच्या पुढे तिडके साहेब होते, नवा शर्ट घालून.

"मॅडम विचारतात, रांग कुठाय?" दुभाष्याने विचारलं.

"संपली," तिडके साहेब म्हणाले.

मॅडमने टाळ्या वाजवल्या. मग ती ओळीने एकेका झाडाजवळून चालत आली. आप्पांपाशी थांबली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दंड दाबून बघितला.

"मॅडम विचारतात, ही जात कुठली?"

"स्थानिक," तिडके साहेब म्हणाले. "पाणी लागत नाही."

"नमस्कार," आप्पा म्हणाले.

दुभाष्याने मॅडमला काहीतरी सांगितलं आणि मग तिडके साहेबांना मराठीत म्हणाला, "वारा आहे, असं सांगितलं."

"मॅडम!" कांचन ओरडली. "हे माझे वडील आहेत! विश्वंभर टाकसाळे! यांना घरी जायचंय! एक पाय सुटलाय, दुसऱ्याला फक्त कळशीभर पाणी द्या!"

दुभाषा क्षणभर घोटाळला. तिडके साहेबांनी त्याच्याकडे प्रेमाने बघितलं. तो मॅडमकडे वळून हळुवार आवाजात बोलला, आणि मॅडमचे डोळे पाणावले. तिने छातीवर हात ठेवला.

"काय सांगितलंत तुम्ही?" कांचनने दुभाष्याला विचारलं.

"की हे झाड तुम्हाला वडिलांसारखं आहे. तुम्ही रोज पाणी घालता." त्याने खाली बघितलं. "मॅडमला लोकसहभाग फार आवडला. त्यांना तुमचा फोटो हवाय. जरा हलू नका."

मॅडमने कॅमेरा डोळ्याला लावला. आप्पा लेकीच्या कानाशी म्हणाले, "कांचे, पाय सोड. तू जा."

"सोडला की पुन्हा रुतेल."

"रुतू दे. एवढं काय."

ती सोडेना. पाय जड झाला होता आणि त्याची ऊब कमी होत चालली होती. तो खाली जाऊ नये म्हणून तिला अगदी घट्ट, अगदी स्थिर उभं राहावं लागत होतं. तेवढ्यात मागे बादलीची कडी वाजली.

"ताई," इलाही पुटपुटला. त्याचा आवाज ओला होता. "हला की. साहेब बघायलेत माझ्याकडं. काही तरी हलवा, ताई, मी थांबतो."

तिच्या टाचेला गार लागलं. पाय उचलावा तर आप्पांचा तोल जाणार होता. हात हलवावा तर पाय सुटणार होता. मान वळवली तर फोटो पुन्हा घेणार होते. मोकळी होती ती फक्त जीभ. शिपाई जवळच कागद-पेन घेऊन उभा होता, मॅडमचे शेरे लिहायला. कांचनने त्याच्याकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली, मोठ्याने, न थांबता, आणि शिपायाला सवयच असल्यामुळे तो लिहून घेऊ लागला:

"मा. मुख्याधिकारी साहेब, नगरपरिषद, बोरनेर, यांस. महोदय, सविनय सादर करते की, रांगेतील सदर वृक्षाचा उजवा पाय माझ्या ताब्यात असून तो तारणातून वगळावा. डावा पाय निघेपर्यंत सदर वृक्षास दररोज जेवणाच्या वेळी घरी येण्याची मुभा असावी. वृक्ष क्रमाने मागे असल्यास त्याच्या पुढील सर्वांना आधी सोडावे, त्यास हरकत नाही. तसेच अर्जदार अद्याप हलत आहे, याची कार्यालयाने समक्ष येऊन खात्री करून घ्यावी व तोपर्यंत गेरूचा दुसरा हात मारू नये, ही नम्र विनंती."