पलंगाशेजारचा निळा दिवा

ॲरिझोनाच्या वाळवंटात ऊन कलता कलता व्हर्ननने आपल्या आणि बायको ओपलच्या चाकांवरच्या फिरत्या घरात, पलंगाशेजारी, यूएसबी पोर्ट बसवला. फोन चार्ज होऊ लागला, पण पोर्टमधला निळा दिवा काही विझेना. पांघरुणं, उशा, ओपलचे पांढरे केस, सगळं त्या निळाईत तरंगू लागलं.

"डोळ्यांत खुपतोय नुसता!" असं म्हणत त्याने, अशा फिरत्या घरांत राहणारे सगळेच करतात तशी, दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

ओपलने ती नखाने सोलून काढली.

"अगं, झोप कशी लागायची?"

"नाही लागली तर नाही. घर विकलं तेव्हा पोर्चमधला दिवा तूच मालवलास ना? रुसून गेलेल्या लेकीसाठी मी इतकी वर्षं जळत ठेवलेला?"

व्हर्ननने हळूच खिडकीचा पडदा बाजूला सारला, निळा दिवा रस्त्यावरून दिसेल इतका.