पांढऱ्या केसांचा नवरा

माझ्या नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ती क्रौंच पक्ष्याची मादी. हे पक्षी जगात थोडेच उरलेत, म्हणून हे नोकरीला आहेत त्या संवर्धन केंद्रात त्यांची वीण करवतात. अंड्यातून बाहेर आल्यापासून हिला ह्यांनी हाताने भरवलं, त्यामुळे ती स्वतःला माणूस समजते आणि ह्यांना नवरा. नर क्रौंचांकडे ढुंकूनही बघत नाही. विणीच्या दिवसांत हे तिच्यापुढे वाकतात, हात पसरून उड्या मारतात; तीही नाचते. मन भरलं की शांत उभी राहते, मग केंद्रातल्या डॉक्टरीणबाई नराचं बीज तिच्यात सोडतात. माझ्याबरोबर हे आमच्या लग्नातही नाचले नव्हते.

यंदा तिचं वय झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंडं झालं तर याच हंगामात. पुढचं काही खरं नाही."

आणि नेमकी तेव्हाच भाचीच्या लग्नात तरुण दिसायची हौस ह्यांना आली. पांढरं डोकं रंगवून काळं कुळकुळीत करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सवतीने ओळखच दिली नाही. हे वाकले, गुडघे दुखेपर्यंत नाचले. ती पाठ फिरवून दाणे टिपत राहिली. रोज तेच. घासून घासून टाळू लाल झाली, पण रंग उतरेना. टक्कल करावं, तर तेही तिला अनोळखीच.

हे धड जेवेनात. "माझ्या हौसेपायी तिचा वंश बुडणार," एवढंच म्हणायचे. मला हसू यायचं आणि कीवही यायची.

शेवटी मी डबा घेऊन थेट तिच्या पिंजऱ्यात गेले. हे कोपऱ्यात तोंड पाडून बसलेले. "काय हा अवतार," म्हणत मी ह्यांच्या केसांतून हात फिरवला. तशी ती पंख फुलवून धावत आली. पोटरीला अशी चोच मारली की डबा तिथेच टाकून मी दाराबाहेर. तिने मान उंच करून मोठा आवाज काढला, मग वळून ह्यांच्यापुढे वाकली. हे रडत रडत नाचू लागले.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "काकू, उद्याही याल का?"

आठवडाभर मी रोज जाऊन नवऱ्याचे केस कुरवाळले आणि रोज मार खाल्ला.

अंडं झालं. काही दिवसांनी उजेडावर धरलं, तर आत इवलासा जीव हलत होता. ह्यांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला तो सोडेचनात. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरीणबाईंना मात्र तेव्हाच ठणकावून सांगितलं, "पिल्लाला पक्ष्यांतच वाढवा. ह्यांना भरवू देऊ नका. आणखी एक सवत मला झेपायची नाही."