मण्यांची सुई

पायलने आजीच्या सुईदोऱ्याच्या डबीच्या खालच्या कप्प्यातून मण्यांची सुई काढली आणि सुया टोचायच्या लाल उशीत, रोजच्या सुईच्या जागी, खोचून ठेवली. रोजची सुई तिने आपल्या फ्रॉकच्या पट्ट्यात लपवली. मग भरतकामाची रिंग मांडीवर घेऊन ती पोपटाच्या पंखावर वाकून बसली.

आजी आतून चटई घेऊन आली. ओसरीत कूलर घरघरत होता. समोरच्या घरातली धम्मप्रिया चपला काढून नेहमीसारखी गुपचूप येऊन बसली, आजीच्या उजव्या हाताला.

ती जागा पायलची होती.

दोन वर्षांपूर्वी ती मोडनिंबहून शाळेसाठी आजीकडे राहायला आली, तेव्हा पहिले चार दिवस फाटकाला धरून उभी असायची. जेवायला हाक मारली तरी वळायची नाही. पाचव्या दिवशी आजी सुईदोरा घेऊन फाटकापाशीच आली होती.

“पायल, मला मेलीला दिसंना झालंय. एवढी सुई ओवून दे की गं.”

तेव्हापासून ते काम पायलचं. एवढं बारीक भरतकाम या वयात कसं जमतं, असं कुणी विचारलं की आजी सांगायची, “डोळे हिचे, हात माझे.”

मग गेल्या महिन्यात धम्मप्रियाच्या वडिलांची जेऊरहून इकडे बदली झाली. पोरगी दिवसभर खिडकीत बसून असायची. आजीने तिला हाक मारली, रुमाल दिला, साखळी टाका शिकवला. आठ दिवसांत तिची साखळी पायलपेक्षा एकसारखी पडू लागली. तेही पायलने गिळलं असतं. पण गेल्या सोमवारी तिने सवयीने हात पुढे केला आणि त्या हातावरून आजीने सुई पलीकडे दिली.

“आज धम्मूला ओवू दे.”

आज झालं, उद्या झालं, आठवडा झाला.

वर ती पोरगी आजीला आजी म्हणायची. पायलने तिला नळावर गाठून सांगितलं होतं, “बाई म्हणायचं. सगळे बाईच म्हणतात.” दुसऱ्या दिवशी धम्मप्रियाने इमानदारीत बाई म्हटलं, तर आजी हसायला लागली. “बाई कोण गं? आजी म्हण की!”

“धम्मू,” आजी आता म्हणाली, “ओव बरं सुई. हिरवा दोरा, दोन पदर.”

धम्मप्रियाने उशीतली सुई उपसली. दोरा लावला. तो वाकला. टोक ओठात ओलं करून तिने परत लावला. पायल पंखात टाके घालत होती, पण मोजत होती ते टाके नव्हते. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

“माझा तर एका झटक्यात जातो,” पायल म्हणाली.

“माझाबी रोज जातो की,” धम्मप्रिया पुटपुटली. “आज काय झालंय काय माहीत.”

सहाव्या वेळी सुई बोटात घुसली. तिने रक्त फ्रॉकला पुसलं. तिचे कान लाल झाले होते.

“आजी, मला येईना. पायललाच द्या.”

पायलने रिंग खाली ठेवली. हात पुढे केला.

“आण हिकडं,” आजी म्हणाली. तिने सुई घेतली, दोऱ्याचा एक पदर सोडवला आणि धम्मप्रियाच्या बोटाकडे बघत विचारलं, “लई टोचलं का गं? हळद लावू?” हे विचारता विचारता तिने सुई एकदाच डोळ्यांपुढे धरली. दोरा पार गेला. चष्मा कपाळावरच होता.

पायलचा हात तसाच पुढे राहिला.

आजीने सुई उजेडात फिरवली. तिची नजर उशीवर गेली, तिथून पायलच्या पट्ट्याकडे. तिथं काहीतरी चमकत होतं.

“ही मण्यांची सुई हाय. हिच्यात दोन पदर जायचेच न्हाईत,” ती धम्मप्रियाला म्हणाली. “तुझी चूक न्हाय बाळा.” थोड्या वेळाने वर न बघता ती म्हणाली, “पायल, रोजची सुई कुटं गेली, बघ जरा.”

पायल आजीच्या कपाळावरच्या चष्म्याकडे बघत होती. फाटकापाशी आजीने पुढे केलेली ती पहिली सुई तिला आठवली. तिचं नेढं चांगलं मोठं होतं.

तिने पट्ट्यातली सुई काढली. आजीने हात पसरला होता. पायलने सुई त्या हातावरून पलीकडे धरली.

“ओवून दे. मला दिसंना झालंय.”

धम्मप्रियाने सुईकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“एवढं मोठं नेढं?”

“व्हय. ओव की.”

आजीने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मान खाली घालून कापड हातात घेतलं. धम्मप्रिया दोरा लावायला पुढे वाकली, तशी पायल तिला जागा करून द्यायला जरा सरकली. फार नाही, चार बोटं.