लाल फडक्यातली कुदळ

दचकू नका, मी कुदळ बोलतेय. दचकायचं काम माझं आहे. नारळ फुटला की दांडा बसतो त्या माझ्या नेढ्यात कळ जाते, फटाका वाजला की दांडा थरथरतो. लोखंडाच्या बाईनं इतकं भित्रं असू नये, हे मलाही कळतं. पण जिचा जन्मच घणाखाली झाला, तिनं करावं तरी काय?

उंब्रजच्या एका लोहाराच्या भात्यापुढे मी जन्मले. भाऊसो नावाच्या शेतकऱ्यानं मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला, बाभळीचा दांडा बसवला आणि वडूजच्या बाजूला आपल्या माळावर आणलं. तिथं पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा, चहाला न थांबता जायचा. ज्वारी, मटकी, थोडी बाजरी. मी बांध घातले, आळी केली. दमले की बांधावर आडवी पडून राहायची. सुखाचे दिवस होते.

मग भाऊसोंच्या घरात सून आली, क्रांती. माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. शिक्षण विश्रामबागच्या कॉलेजात. तिच्या माहेरी पाटाचं दार उघडलं की उसाला पाणी. इथं पहिल्याच उन्हाळ्यात तिला टँकरपुढे घागर घेऊन उभं राहावं लागलं. त्या संध्याकाळी तिनं मला कोपऱ्यातून उचललं आणि सासऱ्यांना विचारलं.

"मामा, ही कुदळ नेऊ का? डोंगरावर चर खणायचेत."

"न्हे की," भाऊसो म्हणाले. "पर हाताला फोड आलं तर कुदळीला शिव्या द्यायच्या न्हाईत."

फोड आले. शिवी आली नाही. शेजारच्या रंगूबाई आणि वाडीतल्या बायका तिच्या जोडीला होत्या. रंगूबाई म्हणायच्या, "सांगलीची पोर, मला वाटलं दोन दिवसांत माहेरी पळतीय. तू तर बैल निघालीस गं." उन्हाळाभर आम्ही डोंगर खणला. पुढच्या पावसात चरांत पाणी थांबलं, विहिरींना पाझर फुटले आणि गावानं क्रांतीला सरपंच केलं. तिथून ती जिल्हा परिषदेत गेली.

तिची भाषणं मला पाठ आहेत. "शेतकऱ्याला दिवसा वीज द्या, ठरल्या वारी पाणी द्या, बाकीचं त्याचा तो बघतो." मग हळूच म्हणायची, "माळावर उसाचा हट्ट नको. थोड्या पाण्यावर येईल ते लावा." उसाच्या माहेरवाशिणीनं हे बोलायचं म्हणजे सोपं नव्हतं. माहेरची माणसं रुसली. आणि शेवटी बायकांकडे वळून, "शेती करणाऱ्या पोराला नाही म्हणायच्या आधी एकदा त्याचं रान बघून या गं." बायका हसायच्या. एखादी आई मात्र खाली बघायची.

पहिल्या रस्त्याच्या भूमिपूजनाला ठेकेदारानं चंदेरी रंग दिलेली नवी कुदळ आणली. क्रांती म्हणाली, "राहू दे, माझी घरची हाय." त्या दिवसापासून माझी कळाच बदलली. मला धुतलं, हळदकुंकू लावलं, लाल फडक्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवलं.

तुम्हाला एक आतली गोष्ट सांगते. भूमिपूजनाची जागा आदल्या दिवशीच उकरून भुसभुशीत करून ठेवतात. पुढाऱ्याची कुदळ अडखळू नये म्हणून. मी टोक लावायचा अवकाश, माती आपोआप बाजूला व्हायची. टाळ्या वाजायच्या, फोटो निघायचा, मी पुन्हा फडक्यात. हळूहळू माझ्या टोकावर गंज चढला. भाऊसो एकदा डिकीत डोकावून म्हणाले, "कुदळीला साडी नेसवून पार पाटलीण करून टाकली की."

अशातच आमच्या वाडीच्या चारीचं भूमिपूजन झालं. कालव्याचं पाणी माळावर आणणारी ती चारी. मी टोला दिला, कोनशिला बसली, पेढे वाटले. पण चारी ज्या रानांतून जायची, त्यांच्या मालकांच्या संमत्या कुणी घेतल्याच नव्हत्या. आधी नारळ, मग कागद, असा उलटा कारभार. काम तिथंच थांबलं. कोनशिलेभोवती घाणेरी वाढली.

यंदा निवडणूक आली. क्रांतीला आमदारकीचं तिकीट मिळायचं घाटत होतं. पक्षाचे तालुक्याचे नेते जयराजदादा घरी येऊन म्हणाले, "ताई, चारीचं पुन्हा एकदा भूमिपूजन उरकून घ्या. थोडं पलीकडं, नवी कोनशिला. फोटो वर गेला की तिकीट पक्कं समजा."

"जुन्या कोनशिलेचं काय?"

"कोण बघतंय?"

भूमिपूजनाचा दिवस ठरला. त्या दिवशी गाडीत तिनं मला डिकीऐवजी मांडीवर घेतलं. मला फार भीती वाटत होती. मला वाटतं, तिलाही.

मांडव सजला होता, माती उकरून तयार होती. तेवढ्यात रंगूबाई पुढे आल्या. "ताई, नवीन दगड बसवा खुशाल. पर जुना काढू नगा. माझी शेळी बांधायची लय सोय झालीया."

लोक हसले. जयराजदादाही हसले. माझ्या दांड्यावरची क्रांतीची मूठ मात्र आवळली. ती माईकपाशी गेली.

"एका पोराचं बारसं दोनदा करत न्हाईत," ती म्हणाली. "ह्या चारीला मी एकदा टोला मारलाय. संमत्या घ्यायच्या राहिल्या, ते बघणं माझं काम होतं. आज मी टोला मारणार न्हाई."

जयराजदादा कानाशी लागले. "ताई, तिकिटाचा विचार करा."

"केला, दादा." मग तिनं मला फडक्यातून सोडवलं आणि फडक्यासकट रंगूबाईंच्या हातात दिलं. "मावशी, ही तुमच्याकडं ठेवा. कामाला लागंल तवाच मागंन."

फटाके लावायचे राहूनच गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी मांडवातून न दचकता निघाले.

तिकीट दुसऱ्या कुणाला मिळालं. मी रंगूबाईंच्या गोठ्यात आले, परसातल्या वांग्यांना आळी करू लागले, गंज झडला. क्रांती येते, चहा पिते, संमतीचे कागद घेऊन घरोघर फिरते. तिनं माझ्याकडे पाहिलं की रंगूबाई विचारतात, "कामाला लागती का?" ती मान हलवते. "अजून न्हाई, मावशी."

लोक तिला एकच विचारायचे. "आमचं रान मागतीस, तुझ्या सासऱ्यानं दिलं का?" भाऊसो मात्र संमतीचा कागद परत सरकवायचे. चारी नेमकी त्यांच्या उत्तम पट्ट्यातून जाते, मीच आळी केलेल्या जुन्या आंब्याला खेटून.

परवा सकाळी क्रांती आली ती उभ्यानंच म्हणाली, "मावशी, कुदळ द्या."

मी दचकले. मला वाटलं, पुन्हा हळदकुंकू, पुन्हा डिकी.

पण तिनं मला खांद्यावर टाकलं आणि चालत भाऊसोंच्या रानात नेलं. मोजणीवाल्यांनी चुन्याची रेघ मारली होती, ती थेट बांधाला भिडत होती. बांधावर भाऊसो बसले होते, हातात सही केलेला संमतीचा कागद. मीच घातलेला तो बांध.

"मामा, फोडू?"

म्हाताऱ्यानं आंब्याकडं पाहिलं, मग सुनेकडं. "फोड. पर हाताला फोड आलं तर..."

"शिव्या देत न्हाई."

इथली माती कुणी भुसभुशीत करून ठेवली नव्हती. पहिल्या टोल्याला मी मुरमावर आपटून उडाले, ठिणगी पडली. दुसऱ्याला आत गेले.

संमत्या अजून सगळ्या आलेल्या नाहीत, पाणीही लांब आहे. पण रेघ आता आमच्या बांधाच्या पलीकडं गेलीय. तुम्ही कधी या माळावर आलात आणि मी चिखलात पडलेली दिसले, तर उचलून धुऊ नका. आणि लाल फडकं तर आणूच नका. रंगूबाईंनी त्यात भाकरी बांधल्यात.