पावाशिवाय बर्गर

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत आणि तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. नऊ ते पाच ती एका लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या बनवी. डॉक्टर दवाखान्यात तोंडाचं माप घेत, ते माप डब्यातून लॅबमध्ये येई आणि ही मेणात एकेक दात बसवून अख्खं तोंड उभं करी. माणूस कधी दिसत नसे. त्याचं कण्हणं-कुंथणं दवाखान्यातच राही, हिच्यापर्यंत फक्त त्याचा जबडा पोहोचे. ही व्यवस्था तिला फार सोयीची वाटे.

लॅबमध्ये एक लाल ट्रे होता. टोचते, हलते, लागते म्हणून परत आलेली कवळी त्यात पडे, आणि शनिवारी दुपारी मालक तो ट्रे उचलून कोणाकोणाचं काम परत आलंय ते सगळ्यांसमोर वाचून दाखवत. दातवालीचं नाव चौदा महिन्यांत त्यात आलं नव्हतं. हे ती घरी सांगे. एकदा सांगून गप्प बसली असती तर कोणाची काही हरकत नव्हती, पण ती दर शनिवारी सांगे, आणि तेही चपला काढता काढता.

घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तो तास-तास गोड बोलून त्यांना धीर देई, पण स्वतः आई आणि बायको यांच्यामध्ये अडकला की मूग गिळून बसे. सासूबाईंचं तसं नव्हतं. त्यांना कशातही खोट काढता येई. पडदा आखूड, चहा पांचट, टॉवेल खरखरीत, शेजारणीचा जावई उंच आहे खरा पण चालतो वाकडा. पंधरा वर्षांत सुनेच्या हातच्या एकाही गोष्टीला त्यांनी चांगलं म्हटलं नव्हतं. आपण ते मनावर घेणं केव्हाच सोडलं, असं दातवाली सांगत असे. ते खरं नव्हतं.

सासूबाईंचे उरलेसुरले दात काढून झाले, हिरड्या भरून आल्या, आणि दीड महिन्यापूर्वी त्यांची कवळी दातवालीने स्वतः केली. सासूबाईंनी ती लावली, आरशात पाहिलं, ओठ मिटले आणि म्हणाल्या, "छान आहेत." दातवाली दोन दिवस हवेत होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी जेवणाच्या टेबलाची आपली खुर्ची उचलली आणि आपल्या खोलीत नेली. खिडकीतून वारा लागतो म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचं ताट आत जाऊ लागलं आणि ताटामागे दार बंद होऊ लागलं.

दर गुरुवारी नवरा कामावरून येताना तीन बर्गर आणी. सासूबाई तो दोन्ही हातांत धरून, हनुवटीपर्यंत सॉस माखून खात, आणि जगात तेवढी एकच वस्तू होती जिला त्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. आता सहा गुरुवार झाले, तिसरा बर्गर तसाच फ्रिजमध्ये जाई आणि शुक्रवारी नवऱ्याच्या डब्यात. दातवालीने यातून काढायचा तो अर्थ काढला. सुनेच्या हातचे दात लावून सुनेसमोर जेवायला नको, एवढंच. मनातल्या मनात ती दात-ओठ खाई.

बुधवारी नवऱ्याने पायमोजे घडी करता करता सांगितलं, "आई परवा ताईकडे चाललीये. थोडे दिवस म्हणतेय."

"थोडे म्हणजे किती?"

"मोठी बॅग काढलीये."

ताई म्हणजे दातवालीची नणंद, सहा तासांवर राहणारी. तिने आईसाठी खोली आवरून ठेवल्याचंही नवऱ्याला माहीत होतं. म्हणजे हे सगळं आधीच ठरलेलं होतं. दातवालीला त्या रात्री झोप लागली नाही. भांडखोर सासू घरातून जाणार म्हणून एखादी नाचली असती. हिला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा राग येत होता.

गुरुवारी दुपारी लॅबमध्ये, कोणाच्या तरी खालच्या जबड्यात सुळा बसवता बसवता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बर्गर समोरच्या दातांनी तोडावा लागतो. कवळीवाल्याने समोरून तोडायला घेतलं की कवळी मागून उचलते, हे तर लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. मग दीड महिना सासूबाई बर्गर खाणार तरी कशा? हे तिला पहिल्याच गुरुवारी सुचायला हवं होतं, पण ती रुसून बसण्यात इतकी गुंग होती की स्वतःचा धंदाच विसरली. तिने नवऱ्याला फोन लावला.

"आज बर्गर आणू नकोस. मी करतेय."

"तू? बर्गर?"

"बर्गरच. पण पावाशिवाय. सगळं चिरून, सॅलडसारखं."

"पाव नाही तर मग त्याला बर्गर का म्हणायचं?"

"तू तुझी लिफ्ट बघ," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सहाला घरी येऊन तिने पिशवी ओट्यावर उपडी केली. कढई तापत ठेवली, त्यात बारीक चिरलेला कांदा आणि खिमा टाकला, मीठ, मिरपूड, आणि खिमा खाली थोडा करपेपर्यंत हलवला नाही, कारण बर्गरची खरी चव त्या करपलेल्या कडेत असते. तेवढ्या वेळात वाटीत मेयोनीज, टोमॅटो केचप, चमचाभर मोहरीचा सॉस आणि मुरवलेल्या काकडीच्या बरणीतलं दोन चमचे व्हिनेगर एकत्र फेटलं. बोट बुडवून चाखलं. कोपऱ्यावरच्या दुकानाची चव डोळे मिटून ओळखावी इतकी जमली होती. लेट्यूस तिने एरवीपेक्षा बारीक चिरला, बरणीतल्या काकडीच्या चकत्या केल्या. टोमॅटोच्या बिया खरवडून काढल्या, कारण बी कवळीखाली गेली की माणूस जेवणावरून उठतो. पावावर असतात तसे तीळ वरून पेरावेत म्हणून डबा काढला आणि त्याच कारणासाठी परत ठेवला. खिमा गरम असतानाच त्यावर चीज किसलं, म्हणजे ते निम्मं वितळलं आणि निम्मं तसंच राहिलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. नवरा येऊन हात धुईपर्यंत टेबलावर तीन ताटल्या मांडल्या गेल्या होत्या.

मग ती सासूबाईंच्या दाराशी गेली. दार वाजवायची तिला सवय नव्हती, पण आज तिने वाजवलं.

"आई, जेवायला बाहेर या. आज ताट आत येणार नाही."

आतून कसलीशी डबी उघडल्याचा आवाज आला, पाणी सांडल्याचा आला, आणि सासूबाई ओठ घट्ट मिटून बाहेर आल्या. दारातून मोठी बॅग दिसत होती, भरलेली. त्यांची खुर्ची आतच असल्यामुळे मुलाने पुढे केलेल्या स्टुलावर त्या बसल्या आणि त्यांनी ताटलीकडे पाहिलं.

"हे काय?"

"बर्गर," नवरा घाईघाईने म्हणाला. "उघडा बर्गर."

सासूबाईंनी चमचा भरला. चावू लागल्या. दातवाली स्वतःच्या ताटलीत बघायचं नाटक करत होती, कान मात्र पलीकडे होते. दुसऱ्याच घासाला तिला ऐकू आलं. टक्. बारीक, कोरडा आवाज, डावीकडून. मग पुन्हा. टक्. फ्रिजच्या घरघरीत तो आवाज दुसऱ्या कोणाला कळला नसता, पण बावीस वर्षं कवळ्या करणाऱ्या बाईला तो कळतो. वरचा एक दात खालच्याला बाकीच्यांच्या आधी भेटला की तसा वाजतो. तिने मान वर केली. सासूबाईंनी घास जिभेने उजवीकडे सरकवला होता आणि डोळ्यांत आलेलं पाणी आवरत तो न चावताच गिळला होता.

"आई, कधीपासून लागतंय?"

"काय लागतंय? छान आहेत दात."

"तुम्हाला छान म्हणता येतं हेच मला पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं," दातवाली म्हणाली. "तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. दाखवा बघू."

सासूबाई हटून बसल्या. दातवालीने दातांच्या कण्या केल्या तेव्हा कुठे त्यांनी तोंडासमोर हात आडवा धरून कवळी काढली. डाव्या हिरडीवर मसुराएवढी लाल जागा होती, कडेने पांढरी झालेली. ते एका दिवसाचं काम नव्हतं. दीड महिना ही बाई बंद दारामागे कवळी डबीत ठेवून ताटातली पोळी आमटीत कुस्करून गिळत होती.

"बोलायचं नाही का मला?" दातवालीचा आवाज चढला. "पडद्याला बोलता, टॉवेलला बोलता, माझ्या चहाला तर रोज बोलता!"

दातांशिवाय सासूबाईंचं बोलणं बोबडं येत होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग ताटलीकडे.

"तो तुझा लाल डबा," त्या म्हणाल्या. "त्यात नाव आलं असतं ना तुझं. चहाला नावं ठेवली तर कोणाला कळतंय? ताईच्या घराजवळ एक दातांचा डॉक्टर आहे. म्हटलं तिकडे गुपचूप घासून आणावेत. तुझ्या मालकाला पत्ता लागायला नको."

नवरा चमचा हवेत धरून बसला होता. दातवालीला लाज वाटली, चांगली कानापर्यंत गरम करणारी लाज, आणि त्या लाजेतच तिला ते माप आठवलं.

डॉक्टरांना तिने ऐटीत सांगितलं होतं, की दात जुळवण्याचं माप मी घरीच घेते. इतर पेशंटची तीन मापं आल्याशिवाय ती काम हातात धरत नसे. सासूबाईंना तिने याच टेबलाशी बसवून म्हटलं होतं, आवंढा गिळा आणि सावकाश मिटा. सुनेसमोर बोळकं उघडून बसायची सासूबाईंना लाज वाटली, त्यांनी झटकन मिटलं, आणि जबडा किंचित एका बाजूला गेला. पुन्हा एकदा, असं म्हणायचं धैर्य दातवालीला झालं नाही. पंधरा वर्षांत तिने सासूबाईंच्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. एकच माप घेऊन ती उठली होती.

आता ती उठून कपाटातून दात घासायचं जुनं हातमशीन घेऊन आली. आपल्या कामाच्या पिशवीतून निळ्या कागदाची पुडी काढली. हा कागद दातांमध्ये धरून चावलं की जिथे जास्त टेकतं तिथे गडद ठिपका उमटतो. कवळी पुन्हा बसवून तिने एका हाताने सासूबाईंची हनुवटी धरली. हनुवटी मऊ होती.

"आवंढा गिळा. सावकाश मिटा. हं. आता पुन्हा."

"झालं ना एकदा."

"तीनदा."

तिन्ही वेळा डाव्या मागच्या दाढेवर टाचणीच्या डोक्याएवढा गडद ठिपका आला. मशीन अर्धा मिनिट गुणगुणलं. हिरडी जिथे लाल होती तिथे तिने कवळी आतूनही जराशी घासली, धुतली, पुसली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"डॉक्टरांना उद्या दाखवू, आणि तुम्ही आज थोडंच खा," ती म्हणाली. "आणि शनिवारी मालकांना मीच सांगणार आहे. परत आलेलं काम म्हणून."

"काही नको सांगायला. घरातल्या घरात झालंय."

"सांगणार."

सासूबाईंनी लेट्यूसचा मोठा चमचा भरला. करकर आवाज आला आणि टक् आला नाही. त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा, डावीकडून. डोळे बारीक करून त्या चावत राहिल्या. थोडंच खा म्हटलेलं सुनेचं कुठलं ऐकायचं, ताटली चाटूनपुसून साफ झाली आणि हनुवटीला सॉस लागला. दातवाली इतकी आनंदली होती की स्वतःच्या ताटलीतलं गार झालेलं चीज तिला दिसलंही नाही.

"काकडी जाड चिरलीस," सासूबाई म्हणाल्या. "आणि मीठ कमी आहे."

"बरं."

"खिमा करपवलास खालून."

"तो तसाच करतात, आई."

"करत असतील." त्यांनी हनुवटी पुसली आणि स्टुलावर पाठ ताठ करून पाहिली. "हे स्टूल काही बसायच्या लायकीचं नाही. माझी खुर्ची आण बाहेर."

नवरा उठायला लागला. दातवालीने त्याला हाताने खाली बसवलं आणि ती स्वतः आत गेली.