काजं उजवीकडे

नेव्हिल ड्यूथी एका बुधवारी गावच्या हॉलचा हीटर दुरुस्त करायला आला आणि आमच्या विणकामाच्या टेबलाशी बसून राहिला, त्याला आता दोन वर्षं होतील. हीटर त्यानं वीस मिनिटांत सुरू केला होता. मग आमच्यातल्या हिने पराटानं त्याच्यापुढे चहा आणि दोन चीज रोल ठेवले आणि तो आमच्या हातांकडे बघत बसला. निघताना म्हणाला, "बाई, हे डाव्या हातानं जमतं का?"

तो अजून मला बाईच म्हणतो. मी विसाव्या वर्षी ग्लेनकेर्नच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि पहिल्या बाकावर बसायचा. डाव्या हातात पेन्सिल दिसली की ती काढून उजव्या हातात द्यायची अशी तेव्हाची रीत होती, आणि मी ती वर्षभर देत राहिले. त्याचं अक्षर अजून वाईट आहे. पुढे तो मेंढ्या कातरायला लागला. तिथं त्याला कुणी हात बदलायला सांगितलं नाही, आणि आमच्या भागात त्याच्याइतका झपाट्यानं कातरणारा डावरा दुसरा नव्हता म्हणतात. साठीला पाठ गेली, काम सुटलं. बायको तिच्या बहिणीकडे ब्रिस्बेनला गेली आणि तिकडेच राहिली. हीटरचं काम निघण्याआधीच्या हिवाळ्यात तो दुकानापलीकडे कुठं दिसत नव्हता.

मी त्याला समोर बसवून शिकवलं. डावऱ्या मुलांना बुटाची नाडी बांधायला मी अशीच शिकवत असे. मूल आरशात पाहावं तसं माझ्या हातांकडे पाहतं आणि आपल्या हातांनी तेच करतं. नेव्हिल लवकर शिकला. आधी मफलर विणले, मग टोप्या. त्याचा हात एकसारखा होता, टाका ना सैल ना घट्ट.

गेल्या हिवाळ्यात त्यानं स्वतःसाठी पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटर विणायला घेतला. करडी लोकर, छापील नमुना, पुरुषांचं मोठं माप. बातमी क्लबात पोचायला आठवडाही लागला नाही. क्लबाचा बार क्लिफ मॅडर्न सांभाळतो आणि शेतकी प्रदर्शनाची टेबलंही तोच लावतो. तो एका बुधवारी मुद्दाम हॉलमध्ये डोकावला.

"काय नेव्हिल, बाळ कधी होणार?"

"तुझ्यासाठी लंगोट विणतोय. माप देऊन जा."

"ते राहू दे. प्रदर्शनात ठेवणार आहेस म्हणे? बक्षिसाचं कार्ड आणून दाखव एक. तिसऱ्या नंबरचं चालेल. बारमागे टांगतो."

"आणीन."

"आणि नाही आणलंस तर?"

नेव्हिलनं ओळ पुरी केली. "नाही आणलं तर सुया बाईंना परत. विषय संपला."

क्लिफ हसत गेला. आम्ही कुणी हसलो नाही. नेव्हिल बोललेलं करतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. एकदा सिगारेट सोडतो म्हणाला आणि त्याच दुपारी सोडली. सुया परत केल्या असत्या तर तो बुधवारी आला नसता. आणि बुधवार सोडला तर त्याला जायला दुसरी जागा नव्हती.

प्रदर्शन मार्चच्या दुसऱ्या शनिवारी असतं, आमच्याकडे तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला असतो. त्याआधीच्या बुधवारी त्यानं स्वेटर पुरा करून आणला आणि टेबलावर पसरला. हिने पराटा पोस्टाच्या खिडकीवर बसते. कुणाचं पाकीट उघडत नाही, पण बाकी तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिनं स्वेटर उचलला, शिवणी पाहिल्या, बाह्या पाहिल्या आणि मग म्हणाली, "नेव्हिल, हा बहिणीसाठी आहे का?"

"मला बहीण नाही."

"मग काजं उजव्या पट्टीवर कशी?"

मी पाहिलं आणि माझ्या लगेच लक्षात आलं. पुरुषांच्या कपड्याला काजं डाव्या बाजूला असतात, बायकांच्या उजव्या. छापील नमुना उजव्या हाताच्या विणणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. डावरा तोच नमुना ओळीबरहुकूम विणत गेला, तर डावा भाग उजवा होतो आणि उजवा डावा. मफलरला आणि टोपीला डावं-उजवं नसतं, म्हणून आजवर ते दिसलं नव्हतं. डावऱ्यानं 'डावा भाग' वाचून उजवा विणायचा असतो, हे शिकवणाऱ्यानं सांगायचं असतं. मी सांगितलं नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "दोन्ही पट्ट्या उसवून पुन्हा विणता येतील. शुक्रवार सकाळपर्यंत होईल."

"एक पट्टी मी घेते," हिने म्हणाली.

"विणणाऱ्याच्याच हातचं पाहिजे असा नियम आहे," नेव्हिल म्हणाला.

"नियम मला नको सांगूस. मग दोन्ही तू विण, मी चहा करते."

त्यानं स्वेटर अंगात घातला आणि बटणं लावायला लागला. वरपासून खालपर्यंत सहा बटणं त्यानं खाली न बघता लावली, मग सोडली, मग पुन्हा लावली.

"बटण डाव्या हातात येतंय," तो म्हणाला. "अडुसष्ट वर्षं मी शर्टाशी झटापट करतोय. मला वाटायचं माझीच बोटं जाड आहेत."

"परीक्षकबाईंना तुझी बोटं दिसणार नाहीत," हिने म्हणाली. "त्यांना काजं दिसतील."

"दिसू देत. उसवणार नाही."

"मग बायकांच्या स्वेटरांत ठेव. तिथं बरोबर बसेल."

"माझ्यासाठी विणलाय, पुरुषांत जाईल." त्यानं स्वेटर काढून घडी घातली. मी आणखी एकदा सांगून पाहिलं, तेव्हा म्हणाला, "बाई, एकदा हात बदलला तुमच्या सांगण्यावरून. पुरे." रागानं म्हणाला नाही. नोंद केल्यासारखं म्हणाला.

शुक्रवारी दुपारी हॉलचं दार बंद करून परीक्षण होतं. परीक्षक दुसऱ्या गावाहून येतात. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते, नाव आत दुमडलेलं. परीक्षक वस्तू हातात घेऊन मोठ्यानं बोलतात आणि मदतनीस लिहून घेतो. मदतनिसानं वस्तूबद्दल तोंड उघडायचं नाही. वस्तू कुणाची हे परीक्षकाला कळलं, तर ती बाजूला ठेवायची. मग ती कितीही चांगली असो. मी एकतीस वर्षं मदतनीस आहे आणि एकतीस वर्षं गप्प आहे.

या वर्षी मिसेस लेडलॉ होत्या, उंच, चष्मा साखळीला. पुरुषांच्या स्वेटरांत चार नग होते. नेव्हिलचा त्यांनी तिसऱ्या खेपेला उचलला. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

"हात सुरेख आहे. लिहा. शिवण शोधावी लागते. गळा नीट बसलाय." मग त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पट्ट्या जुळवल्या. "अरेरे. काजं बायकी बाजूला. एवढं विणायचं आणि नमुना वाचायचा नाही. लिहा, निष्काळजीपणा."

मी 'नि' लिहिला. नववीतल्या मुलाला लाजवील इतकं मन लावून तो माणूस नमुना वाचतो. प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी ठेवतो आणि झालेल्या ओळीवर बारीक काट मारतो. त्याच्या वहीवर लाल शाईनं 'निष्काळजी' असं मी स्वतः एका वर्षात अनेकदा लिहिलं होतं.

"त्यानं वाचला होता," मी म्हणाले. "विणणारा डावरा आहे. कुठं उलटायचं ते मी त्याला शिकवलं नाही. ही चूक माझ्या नावावर धरा."

मिसेस लेडलॉंनी चष्मा काढला. "तुम्ही यांना ओळखता."

"हो."

"आणि आता मलाही शोधायला कठीण नाही. या गावात डावरे विणणारे पुरुष किती?"

"एक."

त्यांनी स्वेटरची घडी घातली आणि तो टेबलाच्या टोकाला ठेवला. "मी याला तिसरं देणार होते," त्या म्हणाल्या. "काजांसकट. चौथा नग पाहिलात ना तुम्ही?"

चौथ्या नगाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब होती. त्याला तिसरं कार्ड मिळालं. नेव्हिलच्या चिठ्ठीवर मी 'परीक्षण झाले नाही' असं लिहिलं.

संध्याकाळी स्वेटर आणि चिठ्ठी घेऊन मी त्याच्या घरी गेले. तो अंगणात लाकडं रचत होता. मी घडलं तसं सांगितलं, तिसऱ्या कार्डाचंसुद्धा. ते गाळता आलं असतं, पण गाळलं नाही.

तो ऐकत लाकडं रचत राहिला. मग म्हणाला, "एकतीस वर्षं गप्प बसलात. अजून पाच मिनिटं जमलं नसतं?"

"जमायला पाहिजे होतं."

"निष्काळजी म्हणाल्या, तर म्हणू द्यायचं होतं. मला काय नवीन आहे?" एवढं बोलून तो आत गेला.

शनिवारी प्रदर्शनात तो स्वेटर घालून आला. क्लिफनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कार्ड कुठंय?" नेव्हिलनं चिठ्ठी काढून दाखवली. क्लिफनं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "हे काय, ना पास ना नापास? हे मी बारमागे काय टांगू?" माझ्याकडे दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.

बुधवारी मी लवकर जाऊन हीटर लावला. मी त्याची वाट पाहत नव्हते असं म्हणणार नाही. तो पावणेतीनला आला, उशिरा. सुया कापडात गुंडाळलेल्या होत्या. त्या त्यानं माझ्यापुढे ठेवल्या.

"बोललो होतो," तो हिनेला म्हणाला, मला नाही. "कार्ड मिळालं नाही तर परत."

"मिळालं नाही की परीक्षण झालं नाही?" हिनेनं आपली ओळ मोजता मोजता विचारलं. "दोन्ही एकच नाही. पोस्टात पत्र हरवलं आणि पत्र टाकलंच नाही, यात आम्ही फरक करतो."

"शब्द म्हणजे शब्द."

"शब्द कार्डाचा होता. पुढच्या मार्चपर्यंत तो उभा आहे. सुया उचल, मला टेबलावर जागा लागते."

हिने मोजत राहिली. शेवटी त्यानं खुर्ची ओढली. हिनेच्या बाजूची, माझ्यापासून लांबची. पिशवीतून निळी लोकर काढली. म्हणजे सुया परत करायला येताना त्यानं लोकरही बरोबर आणली होती. हे माझ्या लक्षात आलं, हिनेच्याही आलं असावं.

त्या बुधवारी तो सगळ्यांशी बोलला, माझ्याशी सोडून. पुढच्या बुधवारीही. तिसऱ्या बुधवारी त्याच्या निळ्या स्वेटरची पाठ पुरी झाली, तेव्हा त्यानं नमुन्याचा कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. 'डावा भाग' या शब्दांवर त्यानं बोट ठेवलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "इथं मी काय वाचायचं?"